आधी कान, मग डोळे

मी एक जुना खुळखुळा आहे. माझी दांडी पिवळी, डोकं लाल, आणि डोक्यावर रंगवलेले दोन डोळे नि एक रुंद हसू. डावा डोळा आता अर्धाच उरला आहे. तो कुणी चावून खाल्ला ते मला पक्कं आठवतं, पण खाणारा आता बराच मोठा झाला असेल, तेव्हा उगाच नाव कशाला घ्या. डोक्याला आडवी भेग गेली आहे आणि तिच्यावर निळी चिकटपट्टी आहे. दिसायला मी काही बरा उरलेलो नाही. पण मित्रांनो, खुळखुळा नुसता पाहायचा नसतो, वाजवून पाहायचा असतो. ही साधी गोष्ट भल्याभल्यांच्या लक्षात उशिरा आली, आणि ती कशी आली तेच मला सांगायचं आहे.

एक आधीच सांगून ठेवतो. मला स्वस्थ बसता येत नाही. टेबलावर नुसता ठेवला तरी शेजारून कुणी चालत गेलं की माझ्या पोटातले दाणे कुरकुर करतात. गोष्ट सांगताना मी मध्येच भलतीकडे गेलो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. साच्यातून दोन वाट्या निघाल्या, एकीत चिमूटभर दाणे पडले, दुसरी तिच्यावर बसली आणि दोघींच्या गरम कडा एकमेकींना चिकटल्या. सरकत्या पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसायच्या. प्रत्येक खुळखुळा कानाशी नेऊन एकदा हलवायचा, एवढंच त्यांचं काम. वाजला तर एका टोपलीत, नाही वाजला तर दुसऱ्या. मला हलवल्यावर त्यांनी नाक मुरडलं आणि शेजारणीला म्हणाल्या, "हा जरा जास्तच बोलका आहे गं." शेजारीण म्हणाली, "असू दे. ज्यांच्या घरी जाईल ते भोगतील." मी खूश झालो. मुक्यांच्या टोपलीकडे मी ढुंकूनही पाहिलं नाही.

घर मात्र माझ्या नशिबी नव्हतं. मला विकत घेतलं ते एका फोटो स्टुडिओने. तिथे फक्त लहान मुलांचे फोटो निघत. साबणाच्या खोक्यावरचं बाळ, तेलाच्या बाटलीवरचं बाळ, लोकरीच्या टोपीतलं, टबातलं, दुपट्यातलं, अशी सगळी बाळं आमच्याकडून जात. खोलीच्या एका टोकाला छतापासून जमिनीपर्यंत पांढरा कागद सोडलेला असे. समोर दिवे, आणि दिव्यांच्या मागे काळा पडदा. सगळीकडे पावडरीचा आणि सांडलेल्या दुधाचा वास. फोटो काढणाऱ्या माणसाला सगळे मास्तर म्हणत. मास्तर दिवसभर पोटावर पालथे पडलेले असायचे, कारण त्यांची सगळी गिऱ्हाइकं जमिनीलगत राहणारी. त्यांचे सगळे शर्ट कोपरांवर फाटलेले होते.

माझी मालकीण होती हसवणारी ताई. हा तिचा धंदाच होता. मास्तरांनी फोटो काढायचा आणि ताईने त्या क्षणी बाळाला हसवायचं. दिसायला सोपं, करायला महाकठीण. परक्या खोलीत, परक्या उजेडात, परक्या बाईकडे बघून कोण हसेल? तुम्ही हसाल का? म्हणून ताईने एक रीत बसवली होती. पहिल्यांदा ती मला घेऊन काळ्या पडद्यामागे जायची आणि तिथून हळूच वाजवायची. बाळ रडायचं थांबायचं, मान उचलायचं, कुठून आवाज येतोय ते शोधायला लागायचं. मग ताई पडद्याच्या कडेने मला एकदम बाहेर काढायची. सापडलं म्हणून बाळाच्या चेहऱ्यावर जे हसू फुटे, ते विकत मिळत नाही. "आधी कान, मग डोळे," असं ताई प्रत्येक नव्या मदतनिसाला बजावायची. "नुसतं दाखवलंत तर बाळ बघतं. ऐकवून दाखवलंत तर हसतं."

असे माझे सोन्यासारखे दिवस गेले. ताई म्हणायची, हा नसेल तर मी कामाला हात लावणार नाही. मास्तर म्हणायचे, या पोराचं नाव फोटोखाली छापायला हवं. मी फुगून जायचो. वस्तू झाली म्हणून काय, कौतुक कुणाला नको असतं?

पण त्या खोलीत मला बाकी सगळं सुखाचं वाटे असं नाही. बाहेर व्हरांड्यात एक लांब बाक होता आणि त्यावर आईबाप आपापली बाळं घेऊन बसलेले असत. मॉडेल व्हायचं बाळाने आणि घाम फुटायचा आईबापांना. बाळाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतात. त्या बाकावर प्रत्येकाला ते दिसलेले असायचे. कुणी सांगे, आमचा आरशात बघून हसतो. कुणी सांगे, आमची तर कॅमेरा काढला की मान तिरकी करते, कुणी शिकवलं नाही हो. एक बाप झोपलेल्या बाळाचा फोटो हवा म्हणून बाळाला सकाळपासून जागं ठेवून आणायचा. ते बिचारं झोपेने इतकं चिडायचं की शेवटी बापच बाकावर घोरायचा आणि बाळ टक्क जागं.

हसण्यासारखं पुष्कळ होतं. पण मोठी झालेली मुलं आली की मला चैन पडायचं नाही. मोठी म्हणजे तीन-साडेतीन वर्षांची, दुधाच्या दातांची. एक मुलगी होती, तिला सगळे बाहुली म्हणत. ताईने मला पडद्यामागे वाजवलं की ती माझ्याकडे बघायच्या आधी आईकडे बघायची. हसू का, असं विचारल्यासारखं. आईने मान हलवली की हसायची. मास्तर थांबले की हसू बंद. दिव्याचं बटण असतं ना, तसं. मला तिच्यापुढे वाजायला लाज वाटे. मी कशाला तिथे होतो?

पुढे मोबाइल आले आणि माझे दिवस फिरले. आया फोनवर चित्रं लावून बाळापुढे धरायला लागल्या. ताईने मला खणात टाकलं. सुकलेला डिंक, फुटके चेंडू आणि एक शिट्टी, असा आमचा संसार. खण उघडझाप झाला की तेवढाच मी कुरकुरायचो. माझ्यासारख्या बडबड्याला याहून मोठी शिक्षा नाही.

त्यातून मला सोडवलं मास्तरांनी. एका मोठ्या फोटोत बाळाच्या दोन्ही बुबुळांत फोनचा उजेड चौकोनी उमटला होता. मास्तर संतापले. "बाळाच्या डोळ्यांत खिडक्या दिसतायत," ते ताईला म्हणाले. "तो जुना खुळखुळा काढ. फोन पुन्हा दिसला तर मी पडद्यामागे झोपून राहीन, तुम्हीच काढा फोटो." मी खणाबाहेर आलो. आणि त्याच आठवड्यात राणीसाहेब आल्या.

राणीसाहेब म्हणजे पाच महिन्यांची एक गोल चेहऱ्याची मुलगी. तिची आई कपड्यांच्या दुकानात मापं कमीजास्त करून देण्याचं काम करायची. शिवणयंत्राच्या शेजारी टोपलीत मुलगी झोपलेली असे. यंत्र खडखडतंय, बाहेर गिऱ्हाइकं घासाघीस करतायत, आणि ही आपली गाढ झोपेत. जाहिरातींच्या धंद्यातली एक बाई झग्याची बाही आखूड करून घ्यायला आली होती. तिने हे पाहिलं आणि म्हणाली, एवढ्या गोंगाटात झोपणारं बाळ म्हणजे सोनं आहे, हिला आमच्या स्टुडिओत आणा. असं राणीसाहेबांचं येणं झालं. हे येणं नीट लक्षात ठेवा, मित्रांनो.

पहिल्याच दिवशी ताईने पडद्यामागून मला वाजवलं. काही नाही. पुन्हा वाजवलं. राणीसाहेब शांतपणे आपल्या पायाचा अंगठा बघत होत्या. ताईने मला असं गदागदा हलवलं की बाकावरची तीन मुलं रांगत दाराशी आली. ही मात्र ढिम्म. माझा असा अपमान कधी कुणी केला नव्हता. शेवटी ताईने कंटाळून मला नुसतंच बाहेर काढलं, आणि काय सांगू, त्या मुलीचा चेहरा असा उजळला की मास्तर आडवे पडल्या पडल्या "वा" म्हणाले. हात-पाय झाडत, सगळ्या अंगाने हसली ती.

"हाक मारली तर बघणार नाहीत. आपण समोर जाऊन हजर व्हायचं," मास्तर म्हणाले. "राणीसाहेबच आहेत." तेव्हापासून तेच नाव पडलं. आणि तिच्यापुरती ताईने आपली रीत मोडली. कान सोडून द्यायचे, थेट डोळे.

सगळ्या स्टुडिओने तिला डोक्यावर घेतलं. ती रडायचीच नाही असं नाही. भूक लागली की रडे. पण दिव्यांना दचकत नसे, शेजारचं बाळ किंचाळलं तरी तिचं हसू हलत नसे. एकदा दिवा फुटला. बंदूक उडाल्यासारखा आवाज झाला. बाकावरच्या सगळ्या बाळांनी एकाच सुरात गळा काढला, मास्तरांचा चहा सांडला, आणि राणीसाहेब जाड दुपट्यावर बसून माझ्याकडे बघून हसत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिच्या आईचा चेहरा अभिमानाने फुलला.

मला मात्र त्या टाळ्या आवडल्या नाहीत. का ते तेव्हा सांगता आलं नसतं. अपमानाचा राग गेला होता आणि त्याच्या जागी नुसती हुरहूर लागली होती.

आईबद्दल वाईट बोलू नका, मी ऐकून घेणार नाही. ती एकदा बाकावर बसून ताईला सांगत होती, "दुकानात दिवसभर मी भिंतीकडे तोंड करून शिवते. गिऱ्हाईक कपडा टाकतं आणि जातं, माझा चेहरा कुणाला ठाऊक नसतो. इथे हिला घेऊन आले की लोक उठून जागा देतात." तिच्या मुलीकडे सगळे बघत होते, आणि मुलीच्या निमित्ताने कुणीतरी तिच्याकडेही बघत होतं. एवढंसं सुख होतं ते. ते कोण सोडेल?

त्याच बाकावर आणखी एकदा ती म्हणाली, "सासूबाईंचं काहीतरी भलतंच. म्हणतात, भांडं पडलं तरी हिची मान वळत नाही, कानाच्या डॉक्टरांना दाखव. मी म्हटलं, तुम्ही खोलीत आलात की बघते की नाही ती? पावलं बरोबर ऐकते."

"मग झालं तर," ताई म्हणाली. "आजींना काळजी करायला काहीतरी लागतंच."

मी त्या वेळी लाकडी फळीवर पडलो होतो. व्हरांड्यातून कुणी जड माणूस चालत आला, आणि त्याच्या पावलांचा आवाज येण्याआधीच माझ्या पोटातले दाणे थरथरले. फळी हलते, म्हणून मी हलतो. त्याला ऐकणं म्हणत नाहीत. लाकडी जमिनीवर बसलेल्या मुलीलाही पावलं तशीच कळत असणार, बुडाखालून, हातापायांतून. आणि जाड दुपट्यावर बसवली की तेही कळत नसणार. माझ्या अंगावर काटा आला असता, जर मला कातडी असती.

तिला ऐकूच येत नव्हतं.

मित्रांनो, मला हे कळलं आणि सांगायला मात्र तोंड नव्हतं. तोंड आहे, पण ते रंगवलेलं. कुणी हलवलं तर मी वाजणार, आणि वाजून वाजून जे सांगणार ते सगळ्यांना ऐकू येणार, फक्त जिला यायला हवं तिला सोडून. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ना, तसं माझं झालं. आणि दिवस सरत होते. राणीसाहेब सहा महिन्यांच्या झाल्या, आठ महिन्यांच्या झाल्या. बाकावरची त्याच वयाची बाळं बा-बा, दा-दा करत एकमेकांशी भांडायला लागली होती. मूल बोलायला शिकतं ते ऐकून ऐकून. ही ऐकत नव्हती, आणि तिचा एकेक महिना कौतुकात वाया चालला होता. मी खणात पडलो तरी तळमळायचो.

आईलाही आतून काहीतरी टोचत असावं. एक दिवस तिने ताईला हळूच विचारलं, "या वयाची मुलं काहीतरी बडबड करतात ना हो?"

"प्रत्येक मूल वेगळं असतं," ताई म्हणाली. असं म्हटलं की कुणाचंच काही बिघडत नाही.

"गादीचं काम झालं की एकदा दाखवून आणते," आई म्हणाली. "मध्येच काही निघालं तर हातचं जायचं."

गादीचं काम म्हणजे राणीसाहेबांचं आजवरचं सगळ्यात मोठं काम. लहान मुलांच्या गाद्या करणाऱ्या एका कंपनीची जाहिरात होती. चित्र असं, की घरात सगळ्यांनी धुमाकूळ घातलाय, कुणी पातेली बडवतंय, कुणी ढोल, कुणी पिपाणी, आणि मधोमध त्या गादीवर बाळ शांत झोपलंय. मोठमोठ्या फलकांवर ते चित्र लागणार होतं. अशा गोंगाटात झोपू शकेल असं बाळ त्यांना सगळीकडे शोधून मिळालं नव्हतं. मिळालं ते आमच्याकडे. कंपनीचा माणूस, त्याला आम्ही गादीवाले म्हणायचो, तिला बघून म्हणाला, "ही तर आमच्यासाठीच जन्माला आलीय."

तो दिवस उजाडला. सकाळी आधी एका टोपीच्या फोटोसाठी दुसरं बाळ आलं होतं. त्याला दात येत होते, आणि अंगाने तो असा की सगळे त्याला पैलवान म्हणत. ताईने मला त्याच्या हातात दिलं. त्याने मला चावून बघितलं, चव आवडली नाही, आणि दिव्याच्या लोखंडी पायावर दाणकन आपटलं. माझं डोकं चिरलं. पोटातले दाणे भुर्रकन जमिनीवर पसरले आणि फळीच्या फटींतून खाली गेले, एकूण एक. मी आतून रिकामा झालो. जन्मल्यापासून जी कुरकुर माझ्या सोबत होती ती थांबली. मुक्यांची टोपली मला त्या क्षणी आठवली.

ताईला वेळ नव्हता. जमिनीवर खुणा करायची निळी चिकटपट्टी तिने माझ्या डोक्याला गुंडाळली आणि एकदा हलवून पाहिलं. "मुका झालास की रे," ती म्हणाली. "चालेल. राणीसाहेबांना तुझं थोबाड पुरतं."

राणीसाहेबांना गादीवर ठेवलं. झोपायच्या आधी हसरे फोटोही घ्यायचे होते. मास्तर पालथे पडले. आई बाजूला मुलीचं दुसरं झबलं हातात धरून उभी होती. ताईने मला वर धरलं आणि हलवलं. मी वाजलो नाही. दाणाच नाही तर काय वाजणार? आणि राणीसाहेब हसल्या. हात-पाय झाडत, सगळ्या अंगाने, अगदी रोजच्यासारख्या.

"बघा," ताई हसत म्हणाली, "हिला आवाज लागतच नाही."

सगळे हसले. आई हसली नाही.

ती दोन पावलं पुढे आली आणि तिने ताईच्या हातून मला घेतलं. कारखान्यातल्या त्या बाई न्यायच्या तसं मला आपल्या कानाशी नेलं आणि हलवलं. एकदा. मग जोरात. मी गप्प. तिने मुलीकडे बघितलं. मुलगी माझ्याकडे बघून हसतच होती. आईने मला ताईच्या हातात परत दिलं, म्हणाली, "धरून ठेवा हं समोर," आणि गोंगाटासाठी आणून ठेवलेली दोन पातेली उचलून ती गादीच्या मागे गेली, मुलीच्या डोक्यामागे. तिने ती एकमेकांवर आपटली.

माझ्या दांडीतून कळ गेली. मास्तरांनी कान झाकले. मुलीची पापणीसुद्धा हलली नाही. ती माझ्या अर्ध्या डोळ्याकडे बघत होती.

"वा," गादीवाले म्हणाले. "हेच पाहिजे."

आईने पुन्हा पातेली आपटली. पुन्हा. मग तिने मुलीला नावाने हाक मारली, त्या खोलीत कुणी कधी वापरलं नव्हतं त्या नावाने. आधी हळू, मग मोठ्याने, मग असा आवाज लावला की व्हरांड्यातले लोक दारात आले. मुलगी मागे वळली नाही. मास्तर उठून बसले आणि त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला. ताईचा मला धरलेला हात खाली आला, आणि मी दिसेनासा झाल्याबरोबर मुलीचं हसूही गेलं. ती मला शोधायला लागली, डोळ्यांनी.

"हिला ऐकू येत नाहीये," आई म्हणाली. कुणालाच नाही, पातेल्यांना सांगितल्यासारखं.

गादीवाल्यांनी घड्याळ बघितलं. माणूस वाईट नव्हता, धंद्याची सवय हो. ते म्हणाले, "बाई, डॉक्टरांना अवश्य दाखवा. पण आजचं एवढं उरकून घेऊ. आणि एका अर्थी बरंच आहे, झोपमोड होण्याची भीती नाही."

आई जागच्या जागी उभी राहिली. मला तिचा चेहरा दिसत होता. फलक, बाकावर उठून दिलेल्या जागा, भिंतीकडे तोंड करून काढलेले दिवस, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असणार. मला वाटलं, आता ही मान हलवते की काय, त्या बाहुलीच्या आईसारखी. माझा जीव टांगणीला लागला.

तिने पातेली खाली ठेवली, मुलीला गादीवरून उचललं आणि छातीशी धरलं. "आजचं नाही उरकायचं," ती म्हणाली. मुलीने ताईच्या दिशेने हात पसरले, माझ्यासाठी. ताईने मला तिच्या मुठीत दिलं. ताई रडत होती. "मी रोज वाजवत होते हो," ती म्हणाली, "रोज." आई तिच्यावर रागावली नाही. रागवायला तिच्याकडे त्या वेळी जागा नव्हती.

असा मी पहिल्यांदा त्या स्टुडिओच्या बाहेर पडलो, आणि मुका.

कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी पिशवीत होतो. झोपलेल्या मुलीच्या डोक्याला तारा लावल्या होत्या. "घरी हाक मारल्यावर बघते?" त्यांनी विचारलं.

"समोर गेलं की बघते," आई म्हणाली.

"आणि मागून?"

आई म्हणाली, "सगळे म्हणायचे, किती शांत आहे. मला बरं वाटायचं."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की उशीर झालाय, पण हातातून गेलेलं नाही. कानामागे लावायची यंत्रं मिळतील, त्यांनी किती पोचतं ते बघू, पुढे आणखी उपाय आहेत. रोज बोलायचं, रोज वाजवायचं, धीर सोडायचा नाही.

यंत्रं आली. तुम्हाला वाटेल, यंत्र लावलं आणि मुलगी हसली. तसं काही झालं नाही. तिने ती उपटून फेकली. लावली की उपटायची, लावली की उपटायची, त्यातलं एक तर सासूबाईंच्या पाण्याच्या तांब्यात सापडलं. घरातले दरवाजे वाजवून झाले, भांडी वाजवून झाली. मुलगी बघायची, पण आवाज ऐकून की हलणारा हात दिसला म्हणून, ते कळायचं नाही. कशाचाच भरवसा वाटेना. आई दुकानातून आली की अस्वस्थपणे खोलीभर फिरायची. रस्त्यात त्या गादीचे फलक लागले होते, दुसऱ्याच बाळाचे. ती मान खाली घालून त्यांच्याखालून जायची, असं सासूबाई शेजारणीला सांगत होत्या.

एका दुपारी आईने मला हातात घेतलं आणि निळी पट्टी सोडली. दुकानात उसवलेल्या कपड्यांचे मणी ती डबीत जपून ठेवायची. त्यातले मूठभर माझ्या पोटात टाकले, वाट्या जुळवल्या, पट्टी पुन्हा घट्ट गुंडाळली. मला हलवलं. मी वाजलो. आवाज माझा नव्हता, घोगरा होता, म्हाताऱ्यासारखा. पण वाजलो, मित्रांनो.

सासूबाई मुलीला मांडीवर घेऊन पलंगावर बसल्या होत्या, पाय वर घेऊन, म्हणजे जमिनीची थरथर नको. मुलीचे बाबा लांब कामाला असत. ते रोजच्यासारखे फोनवर होते आणि फोन उशीवर ठेवला होता. यंत्रं त्या वेळी कशी कोण जाणे, कानांवर टिकली होती. आई मला घेऊन दाराच्या मागे गेली. तिथून मुलगी आम्हाला दिसत होती फटीतून, तिला आम्ही दिसत नव्हतो. आधी कान, मग डोळे. ताईची रीत तिला बाकावर बसून बसून पाठ झाली होती.

तिने मला हलवलं.

मुलीच्या तोंडातला अंगठा थांबला. डोळे मोठे झाले. मी पुन्हा वाजलो. ती सासूबाईंकडे बघायला लागली, मग छताकडे, मग स्वतःच्या हातांकडे, जणू कुणी तरी तिला शिवलं होतं आणि कुठे ते कळत नव्हतं. मी तिसऱ्यांदा वाजलो. तिचा खालचा ओठ बाहेर आला, थरथरला, आणि तिने असा टाहो फोडला की फोनमधून बाबा ओरडले, "काय झालं? का रडतेय ती? पडली का?"

"नाही रे बाबा, पडली नाही," सासूबाई म्हणाल्या. "घाबरलीय. ऐकून घाबरलीय."

दारामागे आई माझी दांडी दोन्ही हातांनी धरून खाली बसली होती. आयुष्यभर मी मुलांचं रडणं थांबवलं. एका मुलीला मात्र मी रडवलं, आणि त्याबद्दलच माझं सगळ्यात जास्त कौतुक झालं.

आता मी त्यांच्याच घरी असतो. अजून पुष्कळ चालायचं आहे. काही दिवस ती वळते, काही दिवस वळत नाही, आणि वळली नाही की त्या दिवशी घरात कुणाला जेवण गोड लागत नाही. मला तर झोपच नाही. पण आता ती मला स्वतः वाजवते, कानाशी धरून, आणि कंटाळा आला की फेकून देते. फेकू दे. मला काचेच्या कपाटात ठेवलं तर मी मरेन.

मित्रांनो, रस्त्यात एखाद्या फलकावर गोड हसणारं बाळ दिसलं तर जरूर बघा. ते कुणाकडे बघून हसतंय हेही मनात आणा, कारण फोटोच्या बाहेर, दिव्यांच्या मागे, कुणीतरी काहीतरी हलवत उभं असतं. आणि तुमच्या घरी किंवा शेजारी एखादं मूल फारच शहाण्यासारखं गप्प असेल, कशालाच दचकत नसेल, तर त्याचं कौतुक उद्या करा. आज त्याच्या पाठीमागे जा आणि माझ्यासारखं काहीतरी वाजवा. वळलं तर हसा. नाही वळलं तर फोटो राहू दे, त्याला उचला.